मुलाच्या खात्यात जन्मसाल कुणाचं टाकलंय?

नमस्कार. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आज दुसरा विषय घेतच नाही. "ताई, १३ वर्षं पूर्ण झाली की मुलाला कायद्यानं ॲपवर स्वतःचं खातं काढता येतं ना?"

अहो, हा १३चा आकडा आपला नाहीच! तो अमेरिकेतून आलाय. तिथे १९९८ साली 'कोप्पा' नावाचा कायदा झाला. १३ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आधी आईवडिलांची परवानगी घ्या, असं तो सांगतो. कंपन्यांनी कटकट नको म्हणून थेट '१३च्या खाली प्रवेश नाही' असं लिहून टाकलं, आणि तीच अट आपल्याकडेही आली. आपला कायदा आहे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्यात १८ पूर्ण होईपर्यंत मूल ते मूलच. म्हणजे मिसरूड फुटलेला अकरावीचा मुलगासुद्धा.

बाकीचं भरभर सांगते. कलम ९. मुलाची माहिती वापरायची तर पालकांची संमती हवी, आणि ती खरोखर पालकांनीच दिलीय हे कंपनीला तपासावं लागेल. मुलाच्या सवयींवर पाळत ठेवायची नाही. त्याला हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. हे मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांना तयारीला १८ महिने दिलेत, त्यामुळे हा भाग मे २०२७ पासून लागू होणार. शाळा आणि दवाखान्यांना त्यांच्या कामापुरती सूट आहे.

आता ज्यासाठी कॅमेरा लावलाय ते. जन्मतारीख.

माझी भाची नऊ वर्षांची, सांगलीला असते. दिवाळीत तिच्या शेजारी बसून तिचं चित्रं काढायचं ॲप बघत होते. मध्येच कर्जाची जाहिरात आली. मग वजन घटवायच्या पावडरची. नऊ वर्षांच्या पोरीला! मी खातं उघडून बघितलं, तर जन्मसाल १९८६. माझ्या बहिणीचं. आणि ते खातं मीच काढून दिलं होतं, दोन वर्षांपूर्वी, घाईत, "चालतंय गं" म्हणत.

कंपनीच्या बाजूनं बघा. तिच्या लेखी तिथे चाळिशीतली बाई बसलीय. कलम ९ मुलांसाठी आहे, बाईसाठी नाही. दंड कितीही मोठा असू दे, आपणच पोरीला त्या कायद्याच्या बाहेर नेऊन बसवलं.

"मॅडम, माझा मुलगा माझ्याच फोनवर बघतो, वेगळं खातंच नाही, म्हणजे प्रश्न मिटला." असं एका दादांनी लिहिलंय. दादा, प्रश्न मिटला नाही, वाढला. तुमच्या खात्यात तुमचं वय, तुमचे शोध, तुमची खरेदी. मुलाला जे समोर येतं ते तुमच्यासाठी निवडलेलं असतं, आणि तो जे बघतो ते तुमच्या नावावर साठतं.

आणि तिसरी गोष्ट, हीच लोकांच्या लक्षात येत नाही. कायदा लागू झाला की कंपनी आपणहून ओळखेल, असं सगळ्यांना वाटतं. नियमांमध्ये संमती कशी तपासायची याची उदाहरणं दिलीत: कंपनीकडे पालकाची खात्रीची माहिती आधीपासून असेल तर तीवरून, नाहीतर डिजिलॉकरसारख्या ठिकाणाहून. पण प्रत्येक उदाहरणाची सुरुवात बघा. एक तर मूल सांगतं "मी मूल आहे", नाहीतर पालक सांगतात "हे खातं माझ्या मुलाचं आहे". तुम्ही १९८६ टाकलंत की ती पहिली पायरीच येत नाही. कुणी तुम्हाला विचारायलाच येणार नाही.

एक विषयांतर करते, कारण कमेंटमध्ये परत तेच झालं. मुलाच्या लैंगिक छळाचा व्हिडिओ "गुन्हेगाराला पकडा" म्हणून ग्रुपवर फिरवू नका. हेतू कितीही चांगला असू दे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब आहे, पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याखाली, तर अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. तिथे नाव न देताही तक्रार करता येते. पण ग्रुपवर नको. त्या लेकराचा चेहरा आणखी दोनशे फोनमध्ये जातो हो.

तर भाचीचं. आम्ही तिघींनी बसून जन्मसाल खरं टाकलं. खातं लगेच अडकलं, पालकाच्या खात्याला जोडा म्हणाले. पाऊण तास गेला, तिची काही चित्रं गेली, ती रडली. बहीण म्हणाली, "कशाला हात लावलास?" मी सोडलं नाही. तुमच्याकडेही अडेल. घाबरून परत जुनं साल टाकू नका.

कुठल्या ॲपमध्ये कुठे अडलं ते खाली लिहा, मी उत्तर देते. फक्त मुलाचं नाव, शाळा आणि जन्मतारीख लिहू नका. मागच्या व्हिडिओखालून तशा अकरा कमेंट मला काढाव्या लागल्या.