एका खोलीत चार इयत्ता : लेखनाचा अभ्यासक्रम निवडताना

नमस्कार. मघाशी चहाच्या वेळी अनेकांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एका गुरुजींकडे आणि तिसरी-चौथी एका बाईंकडे असते. काहींच्या घरी सहा वर्षांचं एक मूल आहे आणि अकरा वर्षांचं दुसरं. या सगळ्यांना लिहायला शिकवायचं, तर अभ्यासक्रम कोणता घ्यायचा? प्रत्येकाला वेगळा की सगळ्यांना मिळून एक?

माझं म्हणणं आधीच सांगते. इयत्ता बघून निवडू नका. मूल लिहायला बसतं तेव्हा त्याचा हात अक्षर काढत असतो, डोकं शब्दाची वेलांटी पहिली की दुसरी ते ठरवत असतं आणि मनात काहीतरी सांगायचं असतं. ही तिन्ही कामं एका वेगानं वाढत नाहीत. पहिलीतली मुलगी आजोळच्या म्हशीला रेडकू कसं झालं हे दहा मिनिटं सांगू शकते, पण एक ओळ लिहिली की तिची बोटं दुखतात. दहावीतल्या मुलाचं अक्षर सुरेख असतं, शुद्धलेखनही बरं असतं, आणि निबंध मात्र गाईडमधला. जो अभ्यासक्रम या तिन्ही गोष्टी एकाच दोरीला बांधतो, तो पहिलीतल्या मुलीला गप्प करतो आणि दहावीतल्या मुलाला पाठांतराला लावतो.

लहानांपासून बघू. आपल्याकडची जुनी रीत अशी की आधी सगळी मुळाक्षरं, मग काना, मग वेलांट्या, मग उकार, आणि जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. कित्ता गिरवायचा. या क्रमानं गेलं तर मुलाला कितीतरी महिने फक्त बदक, मगर, नळ, कमळ एवढंच लिहिता येतं. त्याला ‘मी’ लिहिता येत नाही, कारण वेलांटी अजून यायची असते. ‘बाबा’, ‘शाळा’, ‘पाणी’ यांतलं काहीच नाही. स्वतःबद्दल एक वाक्य लिहायलाही त्याला दिवाळीनंतरची वाट पाहावी लागते. आता याच्या उलट करून बघा. म आणि क ही दोनच अक्षरं घ्या, सोबत काना आणि दुसरी वेलांटी. लगेच मी, मामा, मामी, काका, काकी हे शब्द मिळतात. अक्षरगट म्हणतात ते हेच. थोडी व्यंजनं आणि थोडी स्वरचिन्हं एकत्र, म्हणजे पहिल्या आठवड्यातच शब्दांना अर्थ येतो. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी अशा पद्धतीनं वाचन-लेखनाचं फार मोलाचं काम उभं केलं. पहिलीचं कोणतंही पुस्तक हातात घेतलंत की एवढं पाहा : मुलाला ‘मी’ कितव्या पानावर लिहिता येतो?

हात तयार होईपर्यंत मुलाचं सांगणं थांबवायचं नाही. त्यानं चित्र काढावं, सांगावं, आणि आपण त्याच्याच शब्दांत खाली लिहावं. ‘म्या व्हतो’ म्हणालं तर ‘म्या व्हतो’च लिहावं. ते वाक्य मग ते मूल बोट ठेवून वाचतं, कारण ते त्याचं स्वतःचं असतं. वारली, भिली, गोंडी बोलणाऱ्या घरातून आलेल्या मुलांसाठी तर याला पर्याय नाही. तिथे मूल लिपीबरोबर एक नवी भाषाही शिकत असतं.

शुद्धलेखनाचं काय, हा प्रश्न येणारच. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली आणि एकूण १८ झाले. ते शिकवायलाच हवेत, मला त्यांबद्दल आदर आहे. प्रश्न कधी आणि कसे, एवढाच. दुसरीतल्या मुलाच्या वहीत प्रत्येक चुकीला लाल गोल केला की तो एक गोष्ट पटकन शिकतो : येत नाही तो शब्द वापरायचाच नाही. त्याला ‘विहीर’ लिहायची असते, तो ‘पाणी’ लिहून मोकळा होतो. त्याची भाषा आपल्या डोळ्यांदेखत आक्रसते. पाचवीच्या सुमारास मात्र मुलांना नियम शोधायला आवडतात. फूल पण फुलाला, चूल पण चुलीवर, दूध पण दुधात, वीट पण विटेवर. अशा जोड्या फळ्यावर लिहा आणि काय होतंय ते त्यांनाच सांगू द्या. नियम मुलांच्या तोंडून येतो. बोली आणि प्रमाण भाषेचंही तसंच. सहावी-सातवीत दोन्ही शेजारी ठेवा. गोष्टीतली आजी बोलीत बोलेल, मुख्याध्यापकांना लिहिलेला अर्ज प्रमाण मराठीत असेल. मुलांना हा फरक छान कळतो.

आता चार इयत्ता एका खोलीत. मी विषय एकच ठेवते आणि मागणी बदलते. समजा, गावचा आठवडे बाजार. आधी सगळे मिळून बोलायचं, किमान वीस मिनिटं. हे बोलणं म्हणजे वेळ वाया घालवणं नव्हे, लेखनाचा अर्धा भाग तिथेच होतो. मग पहिलीतली मुलं चित्र काढून खाली नावं घालतात. तिसरीतली मुलं आधी काय घेतलं, मग काय, असं क्रमानं लिहितात. त्यांना ‘मग’ सोडून दुसरे जोडशब्द शोधायला लावायचं. पाचवीची मुलं भाजीवाल्या मावशींना विचारायचे प्रश्न तयार करतात, खरोखर जाऊन विचारतात आणि उत्तरं लिहून आणतात. सातवी असेल तर बाजारात प्यायच्या पाण्याची सोय नाही, म्हणून ग्रामपंचायतीला पत्र. ते खरंच पाठवायचं. खरं पत्र पाठवायचं म्हटलं की मुलं न सांगता दुसरा खर्डा करतात, शब्द तपासतात, तारीख कुठे घालायची ते विचारतात. शेवटी सगळं मोठ्यानं वाचलं जातं. पहिलीतलं पोर सातवीतल्या ताईचं पत्र ऐकतं, आणि पुढे आपल्यालाही हे करायचंय हे त्याला कळतं. स्वतंत्र वर्गांच्या शाळेत हे मिळत नाही.

मोठ्यांच्या पालकांना बोर्डाची काळजी असते. दहावी मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत : पत्र किंवा सारांश, जाहिरात, बातमी, कथा आणि शेवटी निबंध. ज्या मुलानं पाचवीत बाजाराची बातमी लिहिली आहे, त्याला दहावीत बातमीचा साचा पाठ करावा लागत नाही. म्हणून आठवी-नववीसाठी मी तोच अभ्यासक्रम निवडेन ज्यात एकच लेखन दोनदा-तीनदा केलं जातं. वर्षाला तीस निबंध लिहून घेण्यापेक्षा आठ लिहून घ्या, पण प्रत्येकाचा कच्चा खर्डा वाचून एकच सूचना द्या. ‘इथे तू काय पाहिलंस ते सांग’, एवढीही पुरते.

परदेशातल्या मराठी शाळांत शिकवणाऱ्या एक ताई आज आल्या आहेत. त्यांची अडचण वेगळी आहे. मुलगा अकरा वर्षांचा, घरी मराठी बोलतो, लिपी येत नाही. त्याच्यासमोर पहिलीचं बदक-मगर ठेवू नका, त्याचा अपमान होतो. अक्षरगट तेच घ्या, वेग वाढवा, आणि मजकूर त्याच्या वयाचा ठेवा : त्याचा फुटबॉलचा सामना, आजीला पाठवायचा निरोप. त्यानं सांगायचं, तुम्ही लिहायचं, त्यानं वाचून उतरवायचं.

पुस्तक विकत घेताना मधलं कुठलंही पान उघडा. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, उतारा उतरवा, एवढंच दिसलं तर ते लेखनाचं पुस्तक नाही. मुलाला स्वतःचं लिहायला तिथे किती कोरी जागा आहे, ते बघा. आणि निवडण्याआधी प्रत्येक मुलाकडून एक पान लिहून घ्या, काही न शिकवता, काही न दुरुस्त करता. ते पान हात, शब्द आणि सांगणं अशा तीन वेळा वाचा. कुठे अडलंय ते दिसेल, आणि पुस्तक त्या अडचणीसाठी घ्या.

मागून एका सरांनी विचारलं, यासाठी वेळ कुठून आणायचा? सर, आठवड्यातल्या ज्या तासिका पाठाखालची उत्तरं फळ्यावरून वहीत उतरवण्यात जातात, त्यांतल्या दोन घ्या.