कशावरून, काका?

(परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सव मेळाव्यातलं भाषण. वेबसाइटसाठी थोडी काटछाट केली आहे, बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

नमस्कार मंडळी.

सेक्रेटरींनी मला विषय दिला होता, 'आठवणीतली सांगली'. भडंग, गणपती मंदिर, आयर्विन पूल, कृष्णाकाठ, आणि वीस मिनिटांत खाली बसायचं. पण गेल्या वर्षीच्या पॉटलकला काय झालं ते इथल्या निम्म्या लोकांनी पाहिलंय. माणूस चंद्रावर उतरला की ते सगळं स्टुडिओतलं नाटक होतं, यावरून दोन घरं भांडली आणि मसालेभात पातेल्यात तसाच राहिला. हे मी दोघांची परवानगी घेऊन सांगतोय. परवानगी वेगवेगळी घ्यावी लागली, कारण ते अजून एका खोलीत बसत नाहीत.

मी तेव्हा शेजारीच उभा होतो, हातात पापड. पहिला प्रश्न अगदी रास्त होता. चंद्रावर हवा नाही, मग झेंडा फडकलेला कसा दिसतो? त्याला सरळ उत्तर आहे. झेंडा लोंबू नये म्हणून त्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातली होती. घडीच्या सुरकुत्या तशाच राहिल्या, म्हणून फोटोत तो वाऱ्यावर असल्यासारखा वाटतो. वाटल्यास पुढे सांगता आलं असतं की अपोलो ११ जिथं उतरलं ती जागा आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यानेही टिपली आहे. एवढं बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्याऐवजी समोरून आलं, "तुझं शिक्षण किती?" त्यावर, "तू कुठल्या कंपनीत आहेस ते ठाऊक आहे, तुला असंच बोलावं लागणार." तिसऱ्या मिनिटाला वाद कुठं होता? घराच्या कर्जाला कोण जामीन राहिलं नव्हतं, तिथं. चंद्राचं नावही कुणी काढेना.

मला हसू आलं नाही, कारण हेच मी माझ्या काकांशी केलं होतं. आता सांगली येते.

२१ सप्टेंबर १९९५. तुमच्यापैकी जे तेव्हा भारतात होते त्यांना तारीख नाही तरी दिवस आठवेल. देशभर गणपती दूध प्यायला लागले. मी कॉलेजात होतो. गावभागात आमच्या घराजवळच्या देवळाबाहेर ही रांग. मीही लागलो. चमचा सोंडेला टेकवला आणि दूध गेलं. माझ्या चमच्यातलं, माझ्या डोळ्यांदेखत. धावत घरी आलो. बापूकाका पडवीत अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. ते हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, जन्म सगळा खतावण्या लिहिण्यात गेलेला.

"काका, गणपती दूध प्याले!"

"कशावरून?"

"माझ्या चमच्यातलं गेलं."

"चमच्यातलं गेलं, ते खरं. पोटात गेलं कशावरून?"

मग त्यांनी देवघरातला पितळी गणपती पाटावर ठेवला आणि वाटीतल्या दुधात चिमूटभर कुंकू कालवलं. म्हणाले, आता पाज. दूध गेलं. आणि सोंडेवरून, पोटावरून, उंदराच्या पाठीवरून एक बारीक लाल ओघळ पाटापर्यंत आला. द्रवाच्या पृष्ठताणाने दूध मूर्तीकडे ओढलं जातं आणि पातळ थराने खाली घसरतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसत नाही, एवढंच. तिकडे दिल्लीत शास्त्रज्ञांनीही दुधात रंग घालूनच दाखवलं होतं, हे मला नंतर कळलं. काकू मात्र भडकल्या. "देवाची परीक्षा कसली घेताय?" म्हणून त्यांनी मूर्ती धुतली, पुन्हा पुसली, जागेवर ठेवली. काकांनी मूर्तीला हात जोडले आणि परत सुपारी घेतली. मला मूर्ख म्हणाले नाहीत. कॉलेजात जातोस आणि हे काय, असंही नाही.

आता २०१९. ऑगस्ट महिना. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मारुती चौक, गावभाग, सगळं पाण्यात. आमच्या घराचा खालचा मजला गेला. काका-काकू विश्रामबागेत नातेवाइकांकडे वरच्या मजल्यावर. आणि मी इथे, कोरड्या सोफ्यावर, पायावर पांघरूण घेऊन फोन बघतोय. रात्री घरच्या ग्रुपवर काकांचा मेसेज आला. त्यांनी टाइप केलेला पहिला लांब मजकूर असेल तो. "हा पूर पावसाचा नव्हे. कर्नाटकाने अलमट्टीत पाणी मुद्दाम अडवून आपल्याला बुडवले. वरचे सगळे सामील आहेत."

मी लिहिलं, "काका, व्हॉट्सॲप विद्यापीठाची पदवी कधी घेतलीत?" पुढे दोन हसरे चेहरे.

सात जणांनी अंगठा दाखवला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग चुलतभावाचं आलं, "परदेशात बसून अक्कल शिकवू नकोस. इथे चिखल काढायला ये." मी म्हटलं, चिखल काढायला पैसे पाठवलेत. तो म्हणाला, पैशाचा माज दाखवू नकोस. अकराच्या सुमारास विषय आजीच्या पाटल्यांवर आला. आजीच्या पाटल्यांचा आणि अलमट्टीचा संबंध काय, असं कुणी विचारलं नाही. काकांनी त्यानंतर एक अक्षर लिहिलं नाही. सकाळी पाहतो तर 'लेफ्ट'.

त्या तीन ओळींत काय होतं ते मी पुढे कितीतरी वेळा वाचून काढलं. त्यात एक नव्हे, तीन दावे होते. पहिला, अलमट्टीच्या फुगवट्याने सांगलीचं पाणी तुंबतं. हा मोजमापाचा प्रश्न आहे. कृष्णा आणि कोयना कराडला प्रीतिसंगमावर भेटतात, वारणा सांगलीजवळ हरिपूरला मिळते, आणि पंचगंगा खाली नरसोबाच्या वाडीला. म्हणजे सांगलीला वरून कृष्णा-कोयनेचं पाणी आणि पुढे वारणा-पंचगंगा दार अडवून उभ्या. अलमट्टी त्याच्याही बरंच पुढे, कर्नाटकात, सुमारे १२३ टीएमसीचं, म्हणजे १२३ अब्ज घनफुटांचं धरण. २०१९ च्या पुरानंतर राज्याने नेमलेल्या वडनेरे समितीने पुराचा दोष अलमट्टीवर टाकला नाही. पूरग्रस्तांच्या बाजूने बोलणाऱ्या अनेकांना ते पटलं नाही, आजही पटलेलं नाही. धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याला खुद्द महाराष्ट्र सरकारचा विरोध आहे. तेव्हा काकांचा पहिला दावा चूक असेल, पण खुळचट नक्कीच नव्हता. दुसरा दावा 'मुद्दाम'. त्याला हेतूचा पुरावा लागतो, तो काकांकडे नव्हता. तिसरा, 'सगळे सामील'. तो दावाच नव्हे. घरात डोक्याच्या वर पाणी गेलेल्या माणसाचा तो संताप होता.

मी तिन्हींना एका हसऱ्या चेहऱ्यात बसवलं. बरं, दोन हसऱ्या चेहऱ्यांत.

'कॉन्स्पिरसीवाला' हा शिक्का मला आता शिवीइतकाच आळशी वाटतो. साताऱ्याचे लोक इथे आहेत, त्यांना विचारा. धरणात पाणी साठवलं म्हणून भूकंप झाला, असं एखाद्या नवख्याने ऐकलं तर तो म्हणेल, ही कुठली गावठी भाकड? ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनानगर हादरलं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरायला लागल्यावर काही काळातच त्या भागात धक्के सुरू झाले होते, आणि आज जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांचं जगभरात दिलं जाणारं उदाहरण कोयनेचंच आहे. पाण्याच्या वजनाने आणि खडकांच्या भेगांत मुरणाऱ्या दाबाने आधीच ताणलेला प्रस्तर सरकतो. त्याचाच अभ्यास करायला शास्त्रज्ञांनी त्या भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय, कराडजवळ त्यांची प्रयोगशाळा आहे. गावठी भाकडीसाठी कुणी तीन किलोमीटर खणत नाही.

आता याचा अर्थ प्रत्येक अफवेला पाट-पाणी करायचं असा नाही. दोन हजारांच्या नोटेत चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला दिसते, हे २०१६ साली आपण सगळ्यांनी ऐकलं. त्या चिपला वीज कोण देणार, एवढ्या एका प्रश्नात ती संपते. २०२३ ला नोट मागे घेतली, कुणाला चिप सापडली नाही. माझ्या मावशीने मात्र एक नोट कात्रीने उभी कापून बघितली होती. तिला सगळे हसले. मला विचाराल तर त्या अख्ख्या प्रकरणात प्रयोग करणारी ती एकटीच.

एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. सप्टेंबर २०२२, आमच्याच सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातलं लवंगा गाव. उत्तर प्रदेशातले चार साधू पंढरपूरकडे निघाले होते. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. मुलं पळवणारी टोळी फिरते ही अफवा तेव्हा फोनाफोनांतून फिरत होती. गावकऱ्यांनी त्यांना काठ्यांनी बडवलं. त्याचा व्हिडिओही फिरला. तिथं 'कशावरून' कुणी विचारलं नाही. 'तू कोण?' एवढंच विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आधी हात उचलला.

आणि साताऱ्याचे डॉक्टर दाभोलकर. पेशाने डॉक्टर, मैदानावरचे नामांकित कबड्डीपटू, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे. चिडक्या सभेतही आवाज न चढवता बोलणारा माणूस. वर्षानुवर्षं त्यांच्या मुद्द्यांना सोडून त्यांच्यावर चिखलफेक झाली. हा कुणाचा हस्तक, याला पैसा कुठून येतो. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. यावर मी जास्त बोलत नाही.

काकांकडे मी गेलो २०२२ च्या दिवाळीत. तीन वर्षं आम्ही 'बरं आहे ना, बरं आहे' एवढंच बोललो होतो. घराच्या जिन्याजवळ भिंतीवर पुराच्या रेघा आहेत, काकांनी कोळशाने मारलेल्या. २००५, २०१९, २०२१. सर्वात वरची २०१९ ची, माझ्या डोक्याच्या वर जाते. मी तिथं हात लावून उभा राहिलो. फोटोत पाणी पाहणं वेगळं आणि स्वतःच्या उंचीच्या वर रेघ पाहणं वेगळं. वरच्या मजल्यावर काका फराळाचं ताट घेऊन बसले होते. मी म्हटलं, "काका, अलमट्टीचं तुम्ही म्हणाला होता ना. कशावरून?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. चिडवतोय की विचारतोय, याचा अंदाज घेत असावेत. मग उठून लाल कापडी बांधणीची चोपडी आणली, अडत दुकानातली. आत उभे रकाने आखलेले. तारीख. कोयनेचा विसर्ग. आयर्विनची पातळी. अलमट्टीचा साठा. अलमट्टीतून सोडलेलं पाणी. रोज पेपरातून उतरवलेलं, कित्येक पावसाळ्यांचं. पानं उलटत आम्ही २०१९ च्या ऑगस्टवर आलो. आणि ऐन पुराचे दिवस कोरे.

"हे काय?"

"पेपर कुठला यायला? पाणी होतं की दारात. वही तेवढी काखेत मारून निघालो."

"नंतर भरायचं होतं. लोक सांगत होते की आकडे."

"ऐकीव आकडा वहीत घ्यायचा नसतो लेका."

म्हणजे ज्या दिवसांवरून आम्ही तीन वर्षं अबोला धरला, त्या दिवसांचा पुरावा त्यांच्याकडे नव्हता, आणि नाही हे त्यांनी स्वतःच वहीत कोरं ठेवून कबूल केलं होतं. मी मनात म्हटलं, सापडले काका. तेवढ्यात त्यांनी चकली मोडली आणि विचारलं, "तुझ्याकडं काय होतं? तू हसलास ते कशावरून?"

माझ्याकडे एका बातमीचा मथळा होता. आतली बातमी मी उघडलीही नव्हती. तसं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "घे, चकली खा."

माफी वगैरे तेवढीच झाली. काका ग्रुपवर परत आले नाहीत. म्हणतात, तिथं चोपडी ठेवायला जागा नाही. आता त्यांना पेपरातले बारीक आकडे दिसत नाहीत. म्हणून जूनपासून रोज रात्री, म्हणजे त्यांच्या सकाळी, मी इथून फोन करतो. धरणांचे आकडे नेटवर काढून वाचतो, ते लिहितात. अलमट्टी त्यांनी सोडलेली नाही. मीही माझं म्हणणं सोडलेलं नाही. अधूनमधून आवाज चढतो, काकू मागून ओरडतात, "दोघं परत लागलात का?"

यंदा जुलैत एके दिवशी मी आकडे वाचत होतो. कोयना, आयर्विन, मग अलमट्टीचा साठा, अलमट्टीचा विसर्ग. पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कटला.

"काका?"

"आहे. हा आकडा माझ्या विरोधात जातोय."

मी काही बोललो नाही. तिकडे पान उलटल्याचा आवाज आला.

"सांग पुन्हा," ते म्हणाले. "सावकाश सांग. लिहून घेतो."