पाणी का सुटतं?

(सूक्ष्मदर्शकाखालचं दृश्य. काळ्या पार्श्वभूमीवर उजळलेले कण.)

हा बटाट्याचा स्टार्च. प्रत्येक उजळ कणावर एक काळी फुली दिसतेय, तिला माल्टीज क्रॉस म्हणतात. कणाच्या आत रेणूंची मांडणी शिस्तीत असली की ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशात ही फुली उमटते. इथला मोठ्यातला मोठा कण १०० मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या, घरातला आहे. तांदळाचा कण याच काचेवर ठेवला तर ठिपक्याएवढा दिसेल.

(काचपट्टी तापतेय. कोपऱ्यात तापमान.)

आता काच तापवतोय. ५० अंश, ५५ अंश, अजून सगळं जागच्या जागी. ६० च्या आसपास डावीकडच्या कणाकडे लक्ष ठेवा. फुली विरली. आता शेजारचा. पाणी आत शिरतंय, कण फुगतोय, आतलं अमायलोज, म्हणजे स्टार्चच्या लांब सरळ साखळ्या, बाहेर झिरपतंय. पातेल्यात ढवळताना हाताला अचानक जड लागायला लागतं ना, तो हाच क्षण.

(काचेच्या वाटीतली खळ. कडेला साचलेलं पाणी.)

ही काल शिजवलेली खळ, रात्रभर फ्रिजमध्ये होती. वाटी कलती केली की पाणी वेगळं वाहतं. मोकळ्या झालेल्या साखळ्या थंडीत पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि मधलं पाणी पिळून बाहेर टाकतात. अमायलोज हे काही तासांत करतं, फांद्या असलेल्या साखळ्यांचं अमायलोपेक्टिन काही दिवस घेतं. सॉस फाटला, ग्रेव्हीला पाणी सुटलं, अशी तक्रार येते ती यामुळे.

(प्रयोगशाळा. काचेचं भांडं, फिरता दांडा.)

स्टार्चचं रूपांतर, म्हणजे मॉडिफिकेशन, हे या सवयीवरचे उपाय. नाव ऐकून लोक दचकतात, पण याचा जनुकांशी काही संबंध नाही. एका प्रकारात कणाला आतून टाके घालतात: दोन साखळ्यांमध्ये फॉस्फेटचा पूल. मग कण फुगतो, पण रटरटत ठेवला तरी फुटत नाही. दुसऱ्या प्रकारात साखळीवर हायड्रॉक्सीप्रोपिल नावाच्या अणुगटाच्या खुंट्या मारतात, म्हणजे थंडीत साखळ्यांना जवळ येता येत नाही. दोन्ही एकत्र केलं की पाकिटावर १४४२ हा क्रमांक दिसतो. गोठवून पुन्हा वितळवायच्या सॉसमध्ये असाच स्टार्च लागतो.

(ओव्हन. फॉइलने घट्ट बंद केलेले डबे. वेळदर्शक चित्रीकरण.)

मला स्वतःला मात्र ही भट्टी जास्त आवडते, म्हणून कॅमेरा इथे जरा रेंगाळला आहे. यात रसायन नाही, फक्त ओलावा आणि उष्णता. स्टार्चमध्ये पाणी ३५ टक्क्यांच्या खाली ठेवायचं, डबा हवाबंद करायचा आणि ९० ते १२० अंशांच्या दरम्यान तापवायचा. कधी अर्धा तास, कधी १६ तास. पाणी इतकं कमी की कण फुगून विरघळू शकत नाही, पण साखळ्यांना हालचालीपुरती मोकळीक मिळते आणि त्या नव्याने बसतात. बाहेर आलेली पूड आधीसारखीच पांढरी दिसते. शिजवायला घेतली की फरक कळतो: ती उशिरा फुगते, कमी फुगते आणि जास्त उष्णता सोसते. फ्रिजमध्ये पाणी सुटण्यावर मात्र हा भरवशाचा इलाज नाही. तिथे खुंट्याच लागतात.

(लहान स्वयंपाकघर. मोठं पातेलं. फक्त हात दिसतात.)

इथे चेहरे दाखवायचे नाहीत असं ठरलं होतं. पातेल्यात दाट सॉस आहे, गॅस बंद होऊन बराच वेळ झालाय. कडेला बोट टेकवता येतं, मध्ये डाव घातला की वाफ उठते. पातळ पाणी आतल्या आत फिरत राहतं आणि निवतं. दाट खळ फिरत नाही. ज्या गुणासाठी स्टार्च घातला, त्याच गुणाने उष्णता आत कोंडते.

हे फ्रिजमध्ये का नाही ठेवत, असं विचारलं तर उत्तर आलं, "थंड केलं की फाटतं. बाहेरच बरं."

नेमकं इथे बॅसिलस सीरियस या जिवाणूचं फावतं. त्याचे बीजाणू उकळीतून वाचतात आणि कोमट झालेल्या स्टार्चात वाढतात. काही जातींचं विष पुन्हा उकळूनही जात नाही, उलट्या होतात. म्हणून शिजलेला पदार्थ २ तासांत २१ अंशांखाली आणि पुढच्या ४ तासांत ५ अंशांवर आणायचा असतो. उथळ ट्रे, पाच सेंटिमीटरपेक्षा कमी थर. फाटणार नाही असा स्टार्च असेल तर ट्रे फ्रिजमध्ये सरकवायला हात आखडत नाही.

(धुतलेली व्हिस्क. ड्रॉपर.)

हा ड्रॉपर प्रयोगशाळेतून खिशात आला. आयोडीनने स्टार्च निळा होतो हे १८१४ पासून माहीत आहे. व्हिस्क धुतलेली आहे, चकचकीत आहे. तारा जिथे दांड्यात शिरतात तिथे एक थेंब. निळं-काळं.

धुताना उकळतं पाणी सरळ ओतलं होतं, त्याने कच्च्या स्टार्चची तिथल्या तिथे खळ झाली. आधी खरवडायचं, मग गार पाणी, मग गरम पाणी आणि साबण, शेवटी निर्जंतुक करणारं द्रावण. द्रावण बहुधा हायपोक्लोराइटचं, म्हणजे ब्लीचचं, असतं. कारखान्यात स्टार्चचं ऑक्सिडीकरण करायला हेच वापरतात! भांड्यावर खरकटं उरलं तर द्रावण त्यावरच खर्च होतं, जंतूंपर्यंत पुरेसं पोचतच नाही.

(तीच व्हिस्क, दुसऱ्यांदा धुतलेली.)

पुन्हा थेंब. तारांवर तपकिरी, म्हणजे स्वच्छ. दांड्याच्या सांध्यात एक ठिपका अजून निळा आहे.