आशिकी, रंगीला आणि थाळनेरच्या भाच्या

[दृश्य : काचेच्या शोकेसमध्ये उभ्या रचलेल्या कॅसेटी. कॅमेरा एकेका नावावरून सरकतो.]

नव्वदच्या दशकातला सगळ्यात भारी अल्बम कोणता?

जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, पन्नाशीकडे झुकलेल्या मित्रमंडळींत हा प्रश्न टाकला की उत्तराला वेळ लागत नाही. ज्याचं त्याचं उत्तर तीस वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे. कुणी 'आशिकी' म्हणतं, कुणी 'साजन', कुणी 'हम आपके हैं कौन'. एखादा शांतपणे '१९४२ : अ लव्ह स्टोरी'चं नाव घेतो. तेवढ्यात दुसरा कुणी 'रंगीला' म्हणतो आणि सगळ्यांचा रोष ओढवून घेतो.

वाद तोच असला तरी तो मिटावा असं कुणालाच वाटत नाही, मलाही नाही. गाणं तेव्हा हातात धरता यायचं. दुकानात जाऊन, पैसे मोजून कॅसेट घरी आणायची. एका बाजूला पाव तास-अर्धा तास, मग कॅसेट उलटी करायची. पैसे अख्ख्या कॅसेटचे दिलेले असायचे, म्हणून ऐकायचीही अख्खी. आवडतं गाणं तेवढंच ऐकायचं तर बटण दाबून पट्टी पुढं पळवावी लागे, अंदाज चुकला की मागं यावं लागे, आणि त्या ओढाताणीत पट्टी डेकमध्ये गुंतली तर संध्याकाळ गेलीच. त्यामुळे चांगला अल्बम ओळखायची माझ्या लेखी एकच कसोटी आहे. दोन्ही बाजू, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, एकही गाणं न पळवता ऐकवतात का?

[दृश्य : अमळनेर–चोपडा रस्त्यालगतचं शेत. थंडीतली संध्याकाळ. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजताहेत.]

खान्देशात थंडी पडली की शेतात भरीत पार्टी होते. बामणोदकडची मोठी हिरवी वांगी जाळावर भाजायची, सोलायची, हिरव्या मिरचीसोबत ठेचायची. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या. पोट भरलं की गप्पा निघतात, आणि या मंडळींच्या गप्पा गाण्यांवर येऊन थांबतात.

आबा पूर्वी काळी-पिवळी जीप चालवायचे. बापू लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवत. नाना शाळेत मास्तर आहेत. आणि माई, आबांच्या थोरल्या बहीण, ज्यांच्यापुढे इथं फारसं कुणी बोलत नाही.

आबा सुरुवात करतात, "आशिकीमा टाकाऊ गानं एक बी नही शे, भाऊ."

आबांचा मुद्दा हलका नाही. 'आशिकी' १९९० चा. गाणी आधी तयार झाली आणि चित्रपट त्यांच्याभोवती उभा राहिला. संगीत नदीम-श्रवण यांचं. बरीचशी गाणी समीर यांची. आवाज मुख्यतः कुमार सानू आणि अनुराधा पौडवाल यांचे. त्या वर्षी संगीत, गीत, गायक आणि गायिका हे चारही फिल्मफेअर पुरस्कार याच कॅसेटनं नेले. कुमार सानूंना तिथून पुढं सलग पाच वर्षं गायकाचा पुरस्कार मिळत राहिला. पोस्टरवर नायक-नायिकेचे चेहरे कोटाखाली झाकलेले होते. चेहरे कुणाला ठाऊक नव्हते, गाणी मात्र सगळ्यांना पाठ होती. टी-सीरिजनं कॅसेट स्वस्त करून पानटपरीपर्यंत पोचवली होती, त्याचाही यात मोठा वाटा.

पण आबांची जीप 'आशिकी'वर का चालायची, याचं कारण पुरस्कारांत सापडणार नाही. ते त्या डेकमध्ये आहे.

[दृश्य : जुनी जीप. डॅशबोर्डवरचा कार डेक. उन्हानं फिकट झालेली कॅसेटची कव्हरं.]

जीपमध्ये बारा-पंधरा माणसं. इंजिनाचा आवाज, खडबडीत रस्ता, उघड्या बाजूंनी शिरणारी वाफ. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात डॅशबोर्डवर राहिलेल्या कॅसेटचं प्लास्टिक वाकडं होई, पट्टी ओढली जाई, आवाज डगमगू लागे. अशा ठिकाणी टिकतं कोणतं गाणं? ज्यात गायकाचा आवाज सगळ्यांच्या पुढं आहे, ज्याचा ठेका साधा आणि सतत आहे, ज्याचा मुखडा चार सेकंदांत ओळखू येतो, ते. नदीम-श्रवण यांनी ढोलक, बासरी, सतार, व्हायोलिन वापरली ती आवाजाच्या मागं राहून साथ देण्यासाठी. एक स्पीकर फाटलेला असला तरी गाण्याचं फारसं बिघडत नाही. खान्देशातल्या रस्त्यांवर 'आशिकी' आणि पाठोपाठ १९९१ चा 'साजन' इतकी वर्षं वाजले, त्यामागं ही बांधणी आहे. मला ती मोठी कारागिरी वाटते. हे संगीत साधं म्हणून त्याला कमी लेखणाऱ्यांचं मला पटत नाही.

बापू याला दुजोरा देतात, पण त्यांचं कारण वेगळं आहे. त्यांना गाणं फुंकावं लागे. दोन ओळींच्या मध्ये श्वास घ्यायला जागा हवी, चाल सलग हवी, आणि ऐकणाऱ्याला शब्दांशिवाय गाणं ओळखू यायला हवं. नदीम-श्रवण यांची चाल क्लॅरोनेटवर सरळ उतरते. रहमानची बसवायला रात्र घालवावी लागे, तरी वरातीत कुणी ओळखायचं नाही.

यावर माईंचा सवाल येतो, "लगीनमा काय वाजे, ते सांगा ना पहिले."

इथं जमलेल्यांना माघार घ्यावी लागते. ५ ऑगस्ट १९९४ ला 'हम आपके हैं कौन' आला आणि पुढच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या लग्नसराईपासून मांडवातली गाणी बदलली. चित्रपटात १४ गाणी. साखरपुड्याला आहे, डोहाळजेवणाला आहे, बूट पळवायला आहे आणि पाठवणीलाही आहे. माई सांगतात की पाठवणीचं गाणं लागलं की मांडवातल्या बाया कामं टाकून उभ्या राहत. माझ्या मते त्या कॅसेटची खरी ताकद तिथंच आहे. दिराच्या थट्टेचं गाणं सगळ्यांच्या लक्षात राहिलं, पण ती कॅसेट घरोघर टिकली बायकांमुळे, आणि वाद घालायला बसतात ते पुरुष. म्हणून याद्यांमध्ये हा अल्बम नेहमी दोन पायऱ्या खाली दिसतो.

त्याचे संगीतकार रामलक्ष्मण, म्हणजे नागपूरचे विजय पाटील. आधी ही जोडी होती. दादा कोंडके यांच्या 'पांडू हवालदार'ला संगीत या जोडीचंच. जोडीतले राम, म्हणजे सुरेंद्र, १९७६ मध्ये गेले. पाटलांनी नाव तसंच ठेवलं आणि मित्राचं नाव आपल्या नावाआधी लावून आयुष्यभर काम केलं. 'मैंने प्यार किया'साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं, 'हम आपके'साठी मिळालं नाही. २०२१ च्या मे महिन्यात नागपुरातच ते वारले. या दशकाच्या चर्चेत त्यांचं नाव इतक्या उशिरा का निघतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

त्या वर्षी त्यांच्या हातून पुरस्कार गेला तो राहुलदेव बर्मन यांच्याकडे. '१९४२ : अ लव्ह स्टोरी'. ४ जानेवारी १९९४ ला बर्मन गेले, चित्रपट त्याच वर्षी जुलैत लागला. आपली शेवटची मोठी कामगिरी लोकांनी कशी डोक्यावर घेतली, हे त्यांना पाहता आलं नाही. 'आशिकी'सारखेच इथंही संगीत, गीत, गायक, गायिका असे चारही पुरस्कार आले. नाना या कॅसेटचे पक्के. जावेद अख्तरांच्या 'एक लडकी को देखा' या उपमांच्या गाण्यात एकही ओळ भरतीची नाही, असं ते वर्गात सांगावं तसं सांगतात. मला ते मान्य आहे. फक्त ही कॅसेट एकट्यानं ऐकायची आहे. जीपमध्ये किंवा मांडवात ती कधी फारशी वाजली नाही.

[दृश्य : तापीचं पात्र. पलीकडे थाळनेर.]

थोडं बाजूला वळूया, कारण खान्देशी माणसानं हे सांगितलंच पाहिजे. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे. मंगेशकर भावंडांचं आजोळ. त्यांच्या आई शुद्धमती थाळनेरच्या लाड घराण्यातल्या. आजीकडून ऐकलेली गुजराती गाणी लताबाईंच्या कानात लहानपणापासून होती. म्हणजे लता आणि आशा या आमच्या थाळनेरच्या भाच्या.

आता दशकाकडे बघा. 'हम आपके' आला तेव्हा लताबाई ६४ वर्षांच्या होत्या आणि माधुरी दीक्षितसाठी गात होत्या. 'रंगीला' ८ सप्टेंबर १९९५ ला लागला. तो आशाबाईंचा ६२ वा वाढदिवस, आणि आवाज होता उर्मिला मातोंडकरसाठी. दोघींनाही त्या गाण्यांसाठी फिल्मफेअरचे विशेष पुरस्कार मिळाले. साठी ओलांडलेल्या दोन बहिणी दशकातल्या दोन सगळ्यात तरुण अल्बमांवर उभ्या आहेत. माईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की मग वाद कशाला, दोन्हीकडून भाचीच जिंकली.

तरी मी निवड करणार आहे. माझा अल्बम 'रंगीला'.

ए. आर. रहमान यांनी थेट हिंदी चित्रपटासाठी केलेलं हे पहिलं काम. त्याआधी १९९२ च्या 'रोजा'नं त्यांना पहिल्याच फटक्यात राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, पण आमच्यापर्यंत 'रोजा' पोचला तो डब होऊन. ओठांच्या हालचालीत बसवलेले हिंदी शब्द मूळ चालीला कुठं कुठं अडखळवतात. 'रंगीला'त ती अडचण नाही. मेहबूब यांचे शब्द रस्त्यावरचे आहेत, मुंबईतल्या पोरांच्या तोंडचे. ७ गाणी आहेत आणि सातही वेगवेगळ्या घरांतली वाटतात. 'हाय रामा'त हरिहरन आणि स्वर्णलता जवळजवळ रागदारी गातात. त्याच कॅसेटवर स्वतः रहमान आणि श्वेता शेट्टी ओरडून गातात. 'प्यार ये जाने कैसा'त सुरेश वाडकर आणि कविता कृष्णमूर्ती आवाज इतका खाली आणतात की डेकचा आवाज आपोआप वाढवला जातो. 'तनहा तनहा'त आशाबाईंना मोकळी जागा दिली आहे, वाद्यं मध्येच थांबतात, एक श्वास ऐकू येतो आणि मग ठेका परत येतो.

हे सगळं आबांच्या जीपमध्ये ऐकू येणं शक्यच नव्हतं. खालचा जड आवाज त्या स्पीकरमधून बाहेरच पडायचा नाही, आणि मधल्या वाद्यांचे थर इंजिनात विरघळून जायचे. घरात बरा टू-इन-वन आला, कुणी वॉकमन आणला, तेव्हा 'रंगीला' उलगडला. म्हणून खान्देशात त्याची पसंती दोन-तीन वर्षं उशिरा सुरू झाली, आणि म्हणून आबा-बापूंच्या पिढीचा तो कधी झाला नाही. त्यांनी वेगळं यंत्र ऐकलं. मात्र न पळवता दोन्ही बाजू ऐकायची कसोटी लावली तर 'आशिकी'त तिसऱ्या-चौथ्या गाण्यापासून ठेका आणि वाद्यमेळ ओळखीचे होऊ लागतात. 'रंगीला'त बाजू उलटताना पुढं काय येईल ते सांगता येत नाही.

नाना इथं सगळ्यांना अडवतात. त्यांचा प्रश्न असा की यादीत फक्त हिंदी चित्रपट का? १४ एप्रिलला वस्तीत पहाटेपासून जे वाजायचं ते अल्बम नव्हते का? प्रल्हाद शिंदे यांची भीमगीतं, विठ्ठलाची गाणी, पुढं आनंद शिंदे यांच्या कॅसेटी. त्या ज्या घरांत होत्या, तिथं त्या पट्टी झिजेपर्यंत वाजल्या. त्यांना ना फिल्मफेअर होतं, ना टीव्हीवरचा काउंटडाऊन. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज कुठल्याही दशकाच्या पहिल्या ओळीत बसतो. नानांचं म्हणणं बरोबर आहे, आणि या फिल्ममध्ये आम्हीही त्यांना एकच परिच्छेद देतो आहोत. तो विषय वेगळ्या फिल्मचा आहे आणि ती व्हायला हवी.

जाळ विझत आलेला असताना बापूंना १९९८ आठवतं. 'दिल से'. रहमानच, पण सोबत गुलजार. सुखविंदर सिंग आणि सपना अवस्थी यांचं आगगाडीवरचं गाणं. बापूंनी ते एका मोसमात बँडवर बसवलं आणि वरातीत लोकांनी ते ओळखलंसुद्धा. म्हणजे तीन-चार वर्षांत ऐकणाऱ्यांचा कान बदलला होता. मी 'दिल से' दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. आबा त्याला यादीतच घेत नाहीत. माईंना त्याच वर्षीचा 'कुछ कुछ होता है' हवा आहे.

शेवटी बापूंनी अट घातली आहे. फोनवर नाही, कॅसेटवरच ऐकायचं. दोन्ही बाजू, मध्ये बटणाला कुणी हात लावायचा नाही. आधी 'आशिकी', मग 'रंगीला'. ज्याच्या वेळी कुणाचा तरी हात पहिल्यांदा पुढं जाईल, तो अल्बम हरला. आबांनी जुना डेक माळ्यावरून काढला आहे, स्पिरिटनं हेड साफ केलं आहे, आणि आता दोन नवे बेल्ट शोधत ते जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये फिरताहेत.