अंगठा वाकवायचा की जोडायचा?

(सदाशिव पेठेत ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बसल्या जागी एक करा. चप्पल काढा, टाच उचला आणि चवड्यावर थोडा जोर द्या. अंगठा मुळाशी वाकला ना? आज मला त्या सांध्याबद्दल बोलायचं आहे. गुडघ्यावर व्याख्यानं खूप होतात. अंगठ्याकडे मात्र तो दुखेपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. वीस वर्षं रोज पहाटे पर्वती चढणाऱ्या. तक्रार होती पावलाची बाहेरची कड दुखते, ही. मी त्यांना दवाखान्याच्या बोळातून चालायला सांगितलं. चप्पल उलटी करून पाहिली, तर बाहेरची कड झिजून गेलेली आणि अंगठ्याखालचा भाग जवळजवळ नवा. बाई दोन वर्षं अंगठा चुकवून चालत होत्या आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. सांध्यावर बोट ठेवलं, तर वरच्या अंगाला सुपारीएवढा टणक उंचवटा. युरिक ॲसिड तीनदा तपासून झालं होतं, तिन्ही वेळा व्यवस्थित. युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या गाऊटचं दुखणं बहुधा रात्रीत उसळतं, सांधा लालबुंद होतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. बाईंना होती ती सांध्याची झीज. ती वर्षानुवर्षं वाढत जाते, चालल्यावर ठणकते, आणि अंगठा वरच्या दिशेनं वाकेनासा होतो. कॉटरिल या सर्जननी १८८७ मध्ये तिला हॅलक्स रिजिडस म्हटलं, म्हणजे ताठर अंगठा. तेच नाव आजही चालतं.

पाऊल जमीन सोडतं त्या क्षणी अंगठा वर वाकतो, तळव्याखालचा जाड पट्टा त्याच्याभोवती ताणला जातो आणि पावलाची कमान उचलली जाते. इंग्लंडमधल्या हिक्स यांनी १९५४ मध्ये याला रहाटाची उपमा दिली. दोर गुंडाळला की पोहरा वर येतो, तसं. निरोगी अंगठा साधारण ६५ ते ७० अंश वर वाकतो. झिजलेल्या सांध्यात कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, जाते, वरच्या कडेला हाडाची चोच वाढते आणि दार उघडताना उंबऱ्याला अडावं तसा अंगठा अडतो. गिअरची मोटारसायकल चालवणाऱ्यांना हे आधी कळतं, कारण गिअर वर उचलताना लिव्हर नेमका त्या चोचीवर बसतो.

लगेच शस्त्रक्रिया करा असं मी म्हणत नाही. कडक तळाचा, पुढे गोलसर उचललेला बूट घातला की अंगठ्याला वाकावं लागत नाही. बुटात कडक पट्टी घालता येते. आमच्या शिक्षिकाबाईंचं दीड वर्ष त्यावर निभावलं.

निभेना झालं की मग तपासणीतली एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मी अंगठा हातात धरतो आणि सावकाश वर-खाली हलवतो. दुखतं ते शेवटच्या टोकाला, की मधल्या टप्प्यातही? एक्स-रे उभं राहून, पावलावर भार देऊन काढलेला हवाच. पण निर्णय बराचसा माझ्या बोटांना कळतो. टोकालाच दुखत असेल तर आतली कूर्चा अजून शिल्लक आहे. अशा वेळी चोच आणि हाडाच्या डोक्याचा वरचा पाव ते तिसरा हिस्सा छाटायचा. उंबरा तासला की दार उघडतं. दोन-तीन दिवसांत अंगठा हलवायला लावतो, दोन आठवड्यांनी टाके निघतात. झीज मात्र याने थांबत नाही. काहींना पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागते, हे आधीच सांगायला हवं.

मधल्या टप्प्यातही दुखत असेल, तर सांधा जोडायचा. इथे लोक घाबरतात. 'डॉक्टर, सांधा कायमचा बंद करणार?' हो. उरलीसुरली कूर्चा खरवडून दोन्ही हाडं उघडी करायची, एकमेकांवर बसवायची, प्लेट आणि स्क्रूनं धरून ठेवायची. मोडलेलं हाड जसं जुळतं तसं ते जुळतं. दहातल्या नऊहून अधिक जणांचं नीट जुळून येतं. माझं ठाम मत आहे की दुखत वाकणाऱ्या अंगठ्यापेक्षा न दुखणारा ताठ अंगठा फार बरा. सांधा जोडलेली माणसं सिंहगड चढून आलेली मी पाहिली आहेत.

पण जोडताना कोन चुकला, तर ती चूक माणसाला आयुष्यभर पुरते. ही चूक माझ्या हातून झालेली आहे. फार वर्षांपूर्वी एका बाईंचा अंगठा मी पुस्तकात वाचलेल्या कोनात, जरा उचलून जोडला. हाड सुरेख जुळलं. मी समाधानानं एक्स-रे दाखवत होतो आणि त्या म्हणाल्या, 'पण डॉक्टर, अंगठा जमिनीला लागतच नाही हो.' तो कोन टाच असलेल्या बुटासाठी होता. त्या घरात अनवाणी आणि बाहेर सपाट चपलेत वावरायच्या. सगळा भार शेजारच्या बोटांच्या मुळाशी जाऊन तिथे घट्टे पडले. शेवटी हाड पुन्हा कापून अंगठा खाली बसवावा लागला. तेव्हापासून मी प्रत्येक रुग्णाला रोजची पादत्राणं घेऊन यायला सांगतो. स्क्रू पक्के करण्याआधी उपकरणांच्या स्टीलच्या ट्रेचं सपाट झाकण तळव्याला लावून पाहतो. अंगठ्याचा पेर झाकणाला जेमतेम टेकला पाहिजे.

त्यानंतर साधारण सहा आठवडे टाचेवर भार देणारा खास बूट, मग एक्स-रे, आणि मोकळेपणानं चालायला तीनेक महिने. तंबाखू आणि मिश्री या काळात पूर्ण बंद. निकोटिनमुळे हाड जुळायला उशीर होतो, कधी जुळतही नाही. साखर आटोक्यात हवी. चवड्यांवर उकिडवं बसणं, सूर्यनमस्कारात पायाची बोटं मुडपणं आणि उंच टाचा यांना मात्र मुकावं लागतं. ज्यांचा दिवस जमिनीवर बसण्या-उठण्यात जातो, त्यांच्याशी मी याबद्दल दोन-दोन बैठकी बोलतो.

आता तुमच्याकडून चिठ्ठ्यांवर आलेले प्रश्न. पहिला, गुडघा बदलतात, मग अंगठा का नाही? प्रयत्न खूप झाले. केलर या सर्जननी १९०४ मध्ये अंगठ्याच्या हाडाचं बूडच काढून टाकण्याची पद्धत मांडली. दुखणं जातं, पण अंगठ्याचा जोर जातो आणि कधी तो वर उडतो. थोडंच चालणाऱ्या वयोवृद्धांसाठीच मी तिचा विचार करतो. सिलिकॉनचे सांधे आले, ते झिजून त्यांच्या कणांनी आसपासचं हाड पोखरलं. २०१६ मध्ये अमेरिकेत हायड्रोजेलच्या, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ पदार्थाच्या, एका बुचासारख्या कृत्रिम तुकड्याला मान्यता मिळाली, २०२४ मध्ये कंपनीनं तो बाजारातून परत घेतला. एवढ्याशा सांध्यावर पावलागणिक शरीराचा भार येतो आणि कृत्रिम सांध्याला धरायला हाड इतकंसंच. म्हणून जोडणं हाच आजही आमचा भरवशाचा मार्ग आहे.

शेवटची चिठ्ठी जोडव्यांबद्दल आहे, आणि प्रश्न अगदी योग्य आहे. शस्त्रक्रियेच्या पायातली जोडवी काढावीच लागतात, कारण नंतर बोटं सुजतात. लग्नानंतर कधीच काढली नसतील तर आदल्या दिवशी साबणाचं पाणी लावून घरच्या माणसाकडून हळूहळू काढून घ्या. बोट आधीच सुजलं असेल तर ओढाताण करू नका, आम्ही दोरा गुंडाळून सोडवतो. सूज पूर्ण उतरायला काही महिने जातात. आणि पुढे जोडवी घालणार असाल तर ते मला आधी सांगा. दुसऱ्या बोटात जोडवं बसायचं असेल, तर अंगठा जोडतानाच शेजारी तेवढी फट ठेवावी लागते.