इंजिन ठणठणीत, पत्रा गेला

(दृश्य : स्क्रू ड्रायव्हर दाराखालच्या पट्टीला टेकतो आणि आत जातो)

गाड्यांचं पत्र्याचं काम करणाऱ्या मामांनी जोर नाही लावला हां, नुसता टेकवला. तरी स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. वरून बघाल तर रंग चकाचक, पॉलिश मारलेलं, आणि आत पत्राच नाही, रंगाचा पापुद्रा आणि त्याच्यामागे लाल भुगा. तो खाली पडतोय ना, ती एकेकाळी गाडी होती.

आता याच गाडीचं इंजिन ऐका.

(दृश्य : किल्ली फिरते, गाडी लगेच सुरू. आवाज थोडा वेळ चालू दे)

डिसेंबर १९९७ ची मारुती ८००. सातशे शहाण्णव सीसी, तीन सिलेंडर, कार्ब्युरेटरवाली. गाडी गुरुजींची, पहिल्यापासून एकाच घरात, नंबर एमएच-०८ म्हणजे आपली रत्नागिरी. इतक्या वर्षांत इंजिनचं मोठं काम म्हणाल तर एकदा हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं पॅकिंग), आणि त्याचं कारण गुरुजी स्वतःच सांगतात, सुरुवातीला रेडिएटरमध्ये कूलंट कोण टाकत होतं, विहिरीचं पाणी ओतायचं आणि झाकण लावायचं. ते बंद केलं आणि तो त्रासच संपला. बाकी ऑईल वेळेवर, टायमिंग बेल्ट वेळेवर, बस.

८०० ची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ ला दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये शेवटची गाडी बनली, मधल्या तीस वर्षांत पंचवीस लाखांच्या वर गाड्या देशभर गेल्या, त्यामुळे या इंजिनची नाडी न ओळखणारा मिस्त्री तुम्हाला सापडणार नाही. पण आपला विषय इंजिन नाहीच, गंज आहे.

आम्ही हा व्हिडिओ करायला निघालो तेव्हा प्रत्येक गाडीमालकाला एकच प्रश्न विचारत होतो, किती किलोमीटर झाले? मामांनी तिसऱ्या-चौथ्या वेळेला अडवलंच.

(मामांचा बाईट : "किलोमीटर काय विचारताय? गाडी उभी कुठे असते ते विचारा. हिकडे गाडी चालून मरत नाही, उभी राहून मरते.")

हातखंब्याच्या अलीकडे हायवेला लागून मामांचं हे शेड. डेंटिंग-पेंटिंग लिहिलंय बोर्डावर पण येणाऱ्या गाड्या बघितल्या तर निम्म्यांना ना डेंट आहे ना स्क्रॅच, सगळ्यांना गंज आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, उरलेले महिने समुद्राकडून येणारी खारी हवा, आणि लाल माती, जी एकदा चाकाच्या कमानीत जाऊन बसली की डिसेंबरपर्यंत ओलीच राहते. मीठ आणि ओल एकत्र आले की लोखंडाला दुसरं काही लागत नाही.

(दृश्य : वायपरखालची जाळी काढतात, पानांचा गोळा निघतो)

हे बघा. वायपरच्या खाली ही जाळी असते, त्याच्याखाली पाणी जायला दोन भोकं. गुरुजींची गाडी आंब्याखाली उभी असते, कोकणात सावली म्हणजे आंबा किंवा फणस, दुसरं काय. पानं जाळीतून आत जातात, कुजतात, भोकं बुजतात, मग पावसाचं पाणी तुंबतं आणि बाहेर जायच्या ऐवजी आतून उतरतं ते थेट ड्रायव्हरच्या पायाखाली. वर मॅट, मॅटखाली कार्पेट, कार्पेटखाली फोम, आणि तो फोम अख्खा पावसाळा भिजलेला. गाडीत कुबट वास येतो म्हणून लोक सुगंधी डबी आणून डॅशबोर्डवर ठेवतात. अहो वास कसला, खाली पत्रा सडतोय.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला लागेल, नाहीतर पुढचं काम कशासाठी चाललंय ते कळणार नाही. जीप, सुमो, क्वालिस या गाड्यांना खाली वेगळी चासी असते, दोन जाड लोखंडी मेंबर लांबीला आणि त्यांना जोडणारे आडवे, आणि त्याच्यावर बॉडी बोल्टने बसवलेली. ८०० ला तसं काहीच नाही. दाराखालची पोकळ पट्टी, फ्लोअर, खांब, छत, हे सगळं वेल्डिंग करून जे खोकं तयार होतं तीच तिची चासी. म्हणजे दाराखालची पट्टी सडली की नुसती शोभा जात नाही, गाडीचा कणा जातो. दार उघडल्यावर परत नीट लागत नसेल, उचलून लावायला लागत असेल, तर बिजागरी बदलण्याआधी खाली वाकून बघा.

(दृश्य : काम सुरू. हा सगळा भाग लांब ठेवायचा, घाई नको)

पहिल्यांदा बॅटरीची वायर सुटली. सीट बाहेर, कार्पेट बाहेर, आतला फोम पिळला तर बादलीत पाणी पडलं, तेही शूट झालंय, बघा. पेट्रोलचा पाईप खालूनच जातो म्हणून तो बाजूला घेतला आणि वाळूची बादली जवळ ठेवली.

मग मामांनी जे केलं ते आम्हाला आधी कळलंच नाही. दार काढलं आणि दाराच्या मोकळ्या चौकटीत एक लोखंडी पाईप आडवा टाके मारून लावला. कशाला? तर खालची पट्टी कापली की वरच्या वजनाने गाडी मधून बसते, दोन-चार मिलिमीटरच बसेल, पण तेवढ्यात दार आयुष्यभर लागणार नाही. म्हणून आधी आधार द्यायचा, माप घ्यायचं आणि मगच ग्राइंडर हातात घ्यायचा. हे न करता कापणारे खूप आहेत, आणि त्यांनी केलेल्या गाड्या पण इथेच येतात.

आता कापताना बघा किती कापतायत. सडलेला भाग हाताएवढा दिसत होता, कापून काढला तो जवळजवळ दाराच्या लांबीचा. पांढराशुभ्र चमकणारा पत्रा लागत नाही तोपर्यंत मागे सरकत राहायचं, कारण गंजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही आणि धरलं तरी शेजारून पुन्हा सुटतं. गुरुजी बाजूला उभे होते. त्यांचा चेहरा कॅमेऱ्यात आहे, त्याच्यावर आम्ही काही बोलणार नाही.

पुठ्ठ्याचा साचा. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, जागेवर धरला, पेन्सिलने कडा मारल्या, आणि तो साचा नव्या पत्र्यावर ठेवून कापला. वाकवायला मशीन नाही, एक जुना रुळाचा तुकडा आणि लाकडी हातोडी. पट्टीला जी गोलाई आहे ती हातोडीच्या ठोक्यांनी आणली, प्रत्येक ठोक्यानंतर जागेवर लावून बघितलं, काढलं, परत ठोकलं. रेडिमेड पट्टी पण मिळते, कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलात की उद्यमनगरात, पण मामा म्हणतात ती पातळ येते, आणि आतली दुसरी पट्टी, जी खरं वजन धरते, ती तर कोणी ठेवतच नाही.

मग सीओटू वेल्डिंग, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसवालं. सलग ओढत नाहीत बघा, एक टाका इथे, दुसरा त्या टोकाला, मग मध्ये, मग थांबायचं. पातळ पत्रा एकाच ठिकाणी तापला की लाटेसारखा होतो. चहा येतो, चहा होतो, मग पुढचे टाके.

आणि इथे ते काम आहे जे नव्वद टक्के गॅरेजमध्ये होतच नाही असं मामांचं म्हणणं (आकडा त्यांचा, आमचा नाही). वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेचं सगळं संरक्षण जळून जातं, जस्ताचा थर असेल तर तो पण. म्हणून बाहेरून कितीही सुंदर लांबी (म्हणजे पुट्टी) भरून रंग मारलात तरी पट्टीच्या आत, जिथे हात जात नाही, तिथे कोरा लोखंडी सांधा उघडा असतो आणि पहिल्या पावसाळ्यापासून तिथे गंज कामाला लागतो. त्याच्यासाठी आतल्या बाजूला भोक ठेवलं, त्यातून लांब नळीने झिंक प्रायमर, तो सुकल्यावर मेण. खाली पाणी निघायला भोक मूळ जागी परत पाडलं. सांध्यांवर सीलर. मगच लांबी, घासकाम, रंग.

ब्रेकचा पाईपही याच पट्टीच्या आसपासून मागे जातो, लोखंडीच असतो आणि तोही गंजतो, फुटला तर पेडल सरळ खाली जातं, तो बदलला. आणि हो, एवढी जुनी गाडी कशाला जपायची असं कोणी म्हणेल, तर या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, धूरही नव्या बीएस-सिक्स गाडीपेक्षा जास्तच, हे सगळं खरंय.

कागदांचं पण एका वाक्यात सांगतो. पंधरा वर्षं झाली की गाडी दाखवून परत नोंदणी, मग दर पाच वर्षांनी. दिल्लीसारखी जुन्या गाड्यांवर बंदी आपल्याकडे नाही. गुरुजींनी २०१२, २०१७ आणि २०२२ ला केली, २०२२ च्या एप्रिलपासून फी सहाशेवरून पाच हजार झाली होती, आता २०२७ ला जातील तेव्हा वीस वर्षांवरच्या कारला दहा हजार, वर पर्यावरण कर वेगळा.

(दृश्य : ओमनी, मागचं दार उघडं, कोकमाचे डबे)

ही ताईंची ओमनी. कोकम, आंबापोळी, कुळथाचं पीठ, सगळा माल याच्यातून बाजारात जातो. इंजिन तेच ८०० वालं सातशे शहाण्णव सीसीचं, फक्त पुढच्या सीटखाली. ताईंच्या गाडीला गंज आहे पण खूप कमी, आणि आम्हाला वाटलं काहीतरी भारी कोटिंग केलं असेल. काही नाही. ताई दर रविवारी पाईपने गाडी खालून धुतात, वरून धुवायला वेळ मिळाला नाही तरी चालेल म्हणतात, आणि धुतल्यावर दारं उघडी टाकून ठेवतात. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, तिन्ही बाजूंनी वारा. चारी बाजूंनी बंद गॅरेजमध्ये ओली गाडी ठेवण्यापेक्षा हे बरं, ओल निघून जाते. काही जण पावसाआधी खालून जळकं ऑईल मारतात, जुना उपाय आहे, गंज थांबतो पण रबरी बुश फुगतात आणि अंगणात तेल गळतं, ते ताईंनी सोडून दिलं.

(दृश्य : क्वालिस, रॅम्पवर, खालून)

आणि ही दादांची क्वालिस, वडापची, म्हणजे सीटवर भाडं घेऊन चालणारी. क्वालिस २००० ते २००५ एवढीच बनली आणि अजून गावागावात पळतेय. बॉडी बघा, मागच्या चाकाच्या वर बोटं जातात आत. पण खाली कॅमेरा नेला तर चासी जाडजूड, वर वरवरच्या गंजाची साल, ती खरवडली की आत लोखंड शाबूत. दादांनी बॉडीकडे बघणंच सोडलंय. त्यांचा खर्च सगळा खाली, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, शॉकअप, कारण मुंबई-गोवा हायवे. तो कसा आहे यावर वेगळा व्हिडिओ लागेल, दहा वर्षांच्या वर काम चालूच आहे.

सगळ्यात वाईट अवस्था कुठल्या गाड्यांची माहितीय? सगळ्यात कमी चाललेल्या. मुंबईकरांनी गावी आणून ठेवलेल्या. गणपतीला चालते, शिमग्याला चालते, मधे ताडपत्रीखाली झाकून, म्हणजे ओल आतच कोंडलेली. हँडब्रेक ओढून ठेवला तर मागचा ब्रेक ड्रमला चिकटतो. उंदीर वायरिंग खातो. टाकीत अर्धंच पेट्रोल, आणि आता त्यात वीस टक्के इथेनॉल, ते हवेतली ओल ओढून घेतं, जुन्या गाडीची टाकी लोखंडी, तीही आतून गंज धरते. शेवटी ही कमी चाललेली म्हणून चढ्या भावात विकली जाते.

(दृश्य : सीटबेल्ट पूर्ण ओढला, टोकाला चिखलाची रेघ)

हे मात्र नीट बघा. जुनी गाडी घेताना सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. गाडी वरून धुता येते, सीट बदलता येतात, पण बेल्टच्या रिळात गुंडाळलेल्या भागावरची ही रेघ सहसा कोणी काढत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा गाड्या छपरापर्यंत पाण्यात होत्या. पाण्यातून निघालेली गाडी साफ करून चालू करता येते, पण दोन-चार महिन्यांनी कनेक्टरच्या पिना हिरव्या पडायला लागतात, मग कधी काच खाली जात नाही, कधी मीटर बंद, आणि कारण कोणालाच सापडत नाही.

(दृश्य : मिरकरवाड्याची पिकअप शेडमध्ये येते, मागून पाणी गळतंय)

ही आली मिरकरवाडा बंदरावरून. मासळीचे क्रेट, क्रेटमध्ये बर्फ, बर्फ वितळून खारं पाणी, ते रोज हौद्यातून खाली चासीवर. हौद्याच्या तळातून रस्ता दिसतो, आणि मागचा क्रॉस मेंबर, म्हणजे चासीचा आडवा मेंबर बघा, वेफरसारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटतोय. मालकाचं म्हणणं, वरून एक पत्रा ठोकून द्या, उद्या पहाटे बंदरावर पाहिजे. मामा म्हणतात, पत्रा ठोकीन पण आधी क्रॉस मेंबर कापणार, गाडी ठेवून जायची. आणि मे संपायच्या आत ठरवा, जून लागला की मी बॉडीचं काम घेत नाही, दमट हवेत प्रायमरखाली ओल धरते.

मालक म्हणतोय, जूनमध्ये बोटी बंदच असतात, तेव्हा आणतो. मामा म्हणतायत, तेव्हा मी घेणार नाही. आमची बॅटरी संपेपर्यंत दोघांचं हेच चालू होतं.