येळवशीचं रान

नमस्कार श्रोतेहो.

मार्गशीर्ष निम्मा सरला की आमच्या लातूरकडं घराघरात एकच चौकशी सुरू होते: येळवस कधी आहे? पंचांगात तिला वेळ अमावस्या म्हणतात, आमच्या तोंडी ती येळवस. लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि पलीकडं कर्नाटकातला बिदरचा पट्टा, एवढ्या मुलखात त्या दिवशी गावं ओस पडतात. सगळं माणूस रानात असतं. आमच्याकडं रान म्हणजे जंगल नव्हे बरं का, रान म्हणजे शेत. आणि आज मला त्या रानाविषयीच बोलायचं आहे, वर्षभर रंग पालटणाऱ्या काळ्या रानाविषयी.

सुरुवात उन्हाळ्यापासून करतो, कारण काळ्या जमिनीचं वर्ष तिथूनच सुरू होतं. चैत्र-वैशाखात नांगरून टाकलेलं रान जवळून पाहा. ढेकळाची जी बाजू फाळानं कापलेली असते, ती सकाळच्या तिरक्या उन्हात घासलेल्या तव्यासारखी चमकते. न नांगरलेल्या रानात भेगा पडतात, काही तर चांगल्या पायाचा पंजा जाईल एवढ्या. पाण्यानं फुगायचं आणि उन्हानं आकसायचं हा या मातीचा स्वभाव. रोहिणीचा वळीव येतो, मृग लागतो, भेगा मिटतात, पेरण्या होतात. पुढं श्रावणातली हिरवाई. ती सुंदर असतेच, पण तिच्यावर मी थांबणार नाही. फोटो काढायला माणसं तेव्हाच येतात आणि शेत म्हणजे हिरवं, एवढंच घेऊन परत जातात. आता तर औशाहून निलंग्याकडं जाताना भादव्यात दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि सोयाबीनच. भाव मिळतो म्हणून लोक पेरतात, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण एकाच बांधाआड मूग, उडीद, तूर, अंबाडी नांदताना ज्यानं पाहिलंय, त्याला ती एकरंगी शेतं सुनी सुनी वाटतात.

खरं रूप येतं ते थंडीत. पावसाळाभर मोकळं ठेवून, कुळवाच्या पाळ्या घालून राखलेल्या रानात उत्तरा-हस्ताच्या सुमाराला ज्वारी पेरतात. त्यानंतर एखादा पाऊस आला तर आला, नाहीतर नाही. म्हणून तर म्हातारी माणसं म्हणायची, पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती. खरिपाचं पीक पावसावर येतं, रब्बीचं पीक ओलीवर. पुन्हा सांगतो, ओलीवर. काळ्या मातीनं पोटात धरून ठेवलेलं पावसाळ्याचं पाणी चार महिने पिकाला पाजायचं, ही त्या मातीची करणी. वर आभाळ कोरडं ठणठणीत आणि खाली डोक्याएवढी ज्वारी उभी. तिच्या कडेनं काटेरी करडई, पिवळ्याची केशरी होत जाणारी. एखाद्या पट्ट्यात जवस. जवसाची निळी फुलं बघायची तर सकाळी लवकर जा, दुपार कलेपर्यंत पाकळ्या गळून जातात. हरभऱ्यात चालून आलात तर पायाला आंब लागते, म्हणजे त्याच्या पाल्यावरचा आंबट ओलावा. रात्री हरभऱ्यावर धुतलेलं फडकं पसरायचं, पहाटे दवानं भिजलेलं ते फडकं वाटीत पिळायचं, की आंब मिळाली. पोट दुखलं की आमची आज्जी तीच आंब चमचाभर द्यायची. दात आंबून जायचे.

आणि हुरडा! त्याच्याबद्दल एकच सांगतो. हुरडा आगटीच्या कडेला बसून, तळहातावर गरम कणीस चोळून, कूस फुंकून खायचा असतो. शेजारी कर्णे लावून गाणी वाजवायची काय गरज आहे? ज्वारीच्या पाल्याची सळसळ ऐकत बसावं, दुसरं काही लागत नाही.

आता मी ज्यासाठी बोलायला बसलो, त्या गोष्टीकडं येतो.

१९७२ चा दुष्काळ. लातूर तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात होतं, मी दहा वर्षांचा. त्या साली मृग कोरडा गेला, हस्त कोरडा गेला, ज्वारी पेरलीच नाही. बैल दिवाळीआधीच विकले होते. बाप आणि माय खडी फोडायच्या कामावर. रेशनवर मिलो मिळायची, परदेशातून आलेली लालसर ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची आणि माय पुन्हा पुन्हा पाण्याचा हात लावायची.

अशात येळवस आली. जानेवारी ७३ उजाडला होता, पहिलाच आठवडा. गावात कुणी नावसुद्धा काढत नव्हतं. रानात पीकच नाही तर पुजायचं काय? पण आमचा आज्जा आदल्या दिवशी मायला म्हणाला, "आंबील लाव."

माय म्हणाली, "मामंजी, कशाची लावू? ज्वारीचं पीठ कुठाय?"

"मिलोची लाव."

मग मायनं मिलोच्या पिठाची आंबील केली. शेजारून तांब्याभर ताक मागून आणलं. आंबील कशी पांढरी, दाट हवी. ही झाली तांबूस आणि पातळ. भज्जीला, म्हणजे येळवशीच्या भाजीला, ना हिरवी तूर होती, ना वाल, ना हरभऱ्याचा पाला. डब्यातली उरलीसुरली डाळ बेसनात शिजवली, तीच भज्जी. आंबिलीची बिंदगी, म्हणजे घडा, मायच्या डोक्यावर, आज्जाच्या खांद्यावर कडब्याची एक पेंढी. कोपीला, म्हणजे पूजेसाठी रानात उभ्या करायच्या कडब्याच्या खोपीला, पाच पेंढ्या लागतात, पण घरात एकच उरली होती. ती सोडून आज्जानं पाच ताटं बाजूला काढली, वर शेंडे बांधले आणि गुडघ्याएवढी कोपी उभी केली. आत पाच खडे मांडले, चुना लावून. तेच पांडव.

सगळ्या शिवारात आमची एकच कोपी. नजर जाईल तिथवर काळं, भेगाळलेलं रान, आणि मधोमध ती खेळण्यातल्यासारखी कोपी.

पूजा झाली. आता पिकात आंबील शिंपडायची. आज्जा तांब्या घेऊन उघड्या रानातून निघाला, कडब्याचं ताट आंबिलीत बुडवायचं आणि शिंपडायचं, तोंडानं "ओलगे ओलगे सालम पोलगे". गावागावात हे बोल जरा जरा वेगळे असतात, अर्थ आम्हाला पोरांना तेव्हाही कळत नव्हता. मी मागून चाललो होतो. मला भूक लागली होती आणि चांगली आंबील मातीत चाललेली दिसत होती. मी म्हटलं, "आज्जा, पीक न्हाई, मग आंबील कुणाला?"

आज्जा थांबला. एका मोठ्या भेगेजवळ खाली बसला. म्हणाला, "हात घाल."

मला भीती वाटली, आत विंचू-किडा असला तर? आज्जानं आधी स्वतःचा हात घातला, मग माझं मनगट धरून माझा घातला. कोपरापर्यंत गेला. वर ऊन चटकत होतं, मातीच्या कडा बोटांना टोचत होत्या. खाली खाली गेल्यावर बोटांच्या टोकांना गारवा लागला. माठाच्या बुडाला हात लावल्यावर लागतो ना, तसा.

"गार हाय का न्हाई?"

"गार हाय."

"मग झालं," आज्जा म्हणाला आणि तांब्यातली उरलेली आंबील त्यानं त्या भेगेत ओतली. चळ्ळकन आवाज झाला आणि ती दिसेनाशी झाली.

संध्याकाळी हेंडगा, म्हणजे गवताची चूड, पेटवून शेताभोवती फिरवायचा असतो. गवत नव्हतंच कुठं. आज्जानं कोपीचीच पाच ताटं सोडून त्यांची चूड केली आणि बांधाबांधानं फिरला. मी आणि माय बोरीखाली बसून बघत होतो. अख्ख्या शिवारात तेवढा एकच जाळ फिरत होता.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला. ती भेग मिटली तो दिवस मला आठवत नाही, पण पेरणी आठवते, मागून आणलेल्या बैलांनी केलेली. आणि पंचांगाची गंमत बघा, त्याच ७३ सालात दुसरी येळवस आली, डिसेंबर संपता संपता. आता शिवारभर कोप्या होत्या, आमची तर पाच पेंढ्यांची, वर मायचं लुगडं पांघरलेली. आंबील पांढरी झाली होती. मी तांब्या घेऊन ज्वारीत शिरलो ती भेगेची जागा शोधायला. ज्वारी माझ्या डोक्याच्या हातभर वर. पाल्याच्या कडा गालाला कापत होत्या, वरून कणसांतला फुलोरा अंगावर पडत होता. जागा काही सापडेना. बोरीपासून पावलं मोजली, पुन्हा मोजली. शेवटी एका ठोंबाच्या बुडाशी बसलो आणि बोटानं माती उकरली. बोटभर खाली ओल होती. मी तिथंच आंबील ओतली.

बाहेरून आज्जा हाका मारत होता, जेवायला चल म्हणून. आणि त्या संध्याकाळी हेंडगा त्यानं माझ्या हातात दिला. दिवेलागणीला मी बांधावर चढलो तर चहूकडं जाळच जाळ फिरत होते, पार मांजरा नदीच्या काठापर्यंत.

नमस्कार.